आईचे हात आणि फुकटचं अ‍ॅप

"हे तुम्हीच टाकून दिलं होतंत ना माझ्या फोनमध्ये?"

तिने फोन काचेच्या काउंटरवर असा आपटला, की आत मांडलेली कव्हरं सरकली. दोन गिऱ्हाइकं मुकाट्याने बाजूला झाली. मोबाइल दुरुस्तीवाल्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, स्क्रीनवरचं अ‍ॅपचं नाव वाचलं आणि म्हणाला, "हो. मीच."

झालं. सकाळपासून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासता घासता तिने जे भाषण पाठ केलं होतं, त्यातलं निम्मं तिथेच वाया गेलं. तो कानावर हात ठेवेल, मग आपण त्याची यथेच्छ हजेरी घेऊ, असा बेत होता. सरळ कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण राग काही कमी नव्हता, आणि कारणही तसंच होतं.

तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई बोलायची ती हातांनी. धाकटा भाऊ शिकायला दूर गेल्यापासून त्याच्याशी बोलायचं म्हणजे व्हिडिओ कॉल, दुसरा मार्गच नाही. वडील गेले, आणि दोन महिन्यांनी एका रविवारी त्या कॉलवर आई पहिल्यांदा मोकळी झाली. हातांनी बोलली, बोलता बोलता रडली. त्या फुकटच्या अ‍ॅपने तो कॉल साठवला, अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला, खाली एक थिल्लर गाणं जोडलं आणि 'धमाल क्षण' म्हणून सगळ्यांसमोर मांडला. त्याखाली हसणारे चेहरे, शेकड्यांनी. शेजारच्या काकूंनी तो कौतुकाने आईलाच आणून दाखवला.

तेव्हापासून आईचे हात मांडीत पडून होते. धाकट्याचा फोन वाजला की ती उठून आतल्या खोलीत जायची.

"एका चौकोनात बरोबरची खूण होती," तो म्हणाला. "'कॉल जतन करू द्या' म्हणून. ती काढायला हवी होती. मी वाचलंच नाही, घाईत होतो."

"घाईत. माझ्या आईचं चारचौघांत हसं झालं, आणि तुम्ही घाईत होतात."

"हो." त्याने मान खाली घातली नाही, हेही तिला खटकलं. "तो तुकडा काढायला लावतो, आजच. आणि दुसरं अ‍ॅप शोधून देतो. या वेळी नीट तपासून."

"फुकट हवं. आणि मधल्या कुणाला काही दिसता कामा नये."

"मिळेल. नेट कमजोर झालं तरी काळजी नको, चित्र बंद पडतं पण आवाज चालू—"

तिने नुसतं बघितलं.

"...चुकलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तपासणी सुरू झाली. ती लॅबमध्ये, तो दुकानात, मध्ये व्हिडिओ कॉल. पहिल्या अ‍ॅपने आत शिरल्या शिरल्या तिच्या फोनमधले सगळे नंबर मागितले. दुसरं चाळीस मिनिटांनी तोंडावर बंद झालं. तिसऱ्यात तर, कॉलची लिंक ज्याच्या हाती पडेल तो बेधडक कॉलमध्ये शिरणार. तो अटी मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वाचता वाचता स्वतःच तापायचा.

"'आपला अनुभव समृद्ध व्हावा म्हणून आम्ही आपले कॉल पाहू शकतो.' बघा. दरोडेखोर बरा, तो निदान समृद्ध करतो म्हणत नाही."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"आता हात हलवा, मॅडम. भरभर. बोटं धूसर होतात का बघतो."

"काय बोलू?"

"काहीही बोला. मला कुठे कळतंय."

मग काय, मोकळं रानच मिळालं. गोड हसत तिने हातांनी त्याला निष्काळजी म्हटलं, बेअक्कल म्हटलं, गाढव म्हटलं. तो गंभीरपणे वहीत लिहून घ्यायचा... बोटं स्पष्ट, उजेड कमी. हळूहळू शिव्या पातळ होत गेल्या. गाढवाला निळा शर्ट बरा दिसतो, असं ती एका दुपारी हातांनी म्हणाली. त्याने वहीतून मान वर काढली नाही. कान मात्र लाल झाले होते, पण तिला वाटलं, उकडत असेल.

पाच आठवड्यांनी सहावं अ‍ॅप सगळ्याला पुरून उरलं. फुकट, दोन टोकांखेरीज कुणालाही न दिसणारं, काही न साठवणारं. बाहेर थांबलेल्याला आपण आत घेतलं तरच आत. घरातल्या नेटवर शेवटची परीक्षा म्हणून रविवारी सकाळी तिने घरूनच त्याला कॉल लावला. चित्र लख्ख होतं. तिचे हात आपोआप बोलायला लागले.

माझा राग संपत आलाय, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही. रोज दुपारची वाट बघते मी. तुला कधी सांगणार नाही, पण मला—

"थांबा," तो एकदम म्हणाला. "पुढचं बोलू नका... मला कळतंय."

"काय कळतंय?"

"सगळं नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे रोज संध्याकाळी शिकतोय. तुमच्या आईंची माफी मागायची होती, त्यांच्या भाषेत. 'गाढव' मागच्या आठवड्यात कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं... पण तुम्ही बोलत होतात, आणि मला ऐकावंसं वाटलं. आजचं मात्र, तुम्हाला माहीत नसताना बघत बसणं बरं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कॉल तोडला. दारात आई उभी होती. काय झालं, तिने भुवयांनी विचारलं.

लेकीचे हात सुटलेच. कपाला धक्का लागला, चहा सांडला, तरी थांबले नाहीत. त्यानेही चोरून पाहिलं. सगळे सारखेच.

मग किती दिवसांनी आईचे हात नीट वर आले.

तुला सांगितलं कुणी?

त्यानेच.

कधी?

मी... पुढचं बोलायच्या आधी.

माझं इतक्यांनी पाहिलं, आई म्हणाली. एकानेही मला थांबवलं नाही.

मग तिने खुर्ची ओढली, फोनसमोर बसली आणि केस सारखे केले. धाकट्याला लाव. याच्यावरच.

धाकट्याचा चेहरा उमटला तशी लेकीला रडू फुटलं. आईला सवड नव्हती. तुझी बहीण एका गाढवावर, आईने सुरुवातच तिथून केली, आणि लेकीने धावत जाऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला. आईने तो बाजूला सारला.

सोमवारी ती दुकानात गेली. तो उठून उभा राहिला.

"राग आहे?"

"आहे. आठवडाभराचा."

"असायलाच हवा." मग भीत भीत, "...आई बोलल्या?"

"दीड तास."

त्याने पाठ फिरवली आणि उगाच कव्हरं नीट लावत बसला. खांदे जरा हलत होते. तिला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

"इकडे बघा," ती म्हणाली. "माझं अर्धं राहिलंय. आता मला माहीत आहे की तुम्हाला कळतं."

तिने हात वर केले. गिऱ्हाइकं बघत होती, बघेनात का. नवशिक्याला समजेल इतकं सावकाश, एकेक शब्द सोडवून ती बोलली. तो श्वास रोखून वाचत राहिला.

"शेवटचं पुन्हा सांगता?"

"कळलं नाही?"

"कळलं. पण पुन्हा हवंय."

"जास्त लाडात येऊ नकोस," ती म्हणाली, आणि पुन्हा सांगितलं.