एकतारी

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले दातही पडोत.

चांदवाडीत तेव्हा कुठल्याच बाईला महिन्याच्या महिन्याला पाळी येत नव्हती. चांदवाडी म्हणजे चंद्रावरची आपली वस्ती, काचेच्या घुमटाखालची. हवा मोजकी, पाणी मोजकं, म्हणून पोरंही मोजकीच. पोरगी वयात आली की दंडात तांदळाएवढा दाणा बसवायचे, त्याला म्हणायचे 'विसावा'. त्याचं काम काय? तर दर महिन्याला आपल्या डोक्यातून अंडाशयाला निरोप जातो, एक बीज पिकव म्हणून. इकडे गर्भाशय पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवतं. पाहुणा आला नाही की अंथरूण काढून टाकतं, तीच पाळी. विसावा तो निरोपच अडवायचा. मूल हवं झालं की डॉक्टर दाणा महिन्याच्या एका फेऱ्यापुरता गप्प करायच्या. तो 'जागर'. जोडप्याला जागर तीनच. नाही राहिलं, तर पाळणा दुसऱ्याला.

हेमांगीचे दोन वाया गेले होते.

तिसऱ्या वेळीही दवाखान्यातल्या यंत्रानं मूल राहायचा दिवस काढून दिला. नवरा, सुहास, ड्यूटी बदलून घरी आला, तर ही रडत बसलेली.

"सगळ्यांना हाच दिवस देतात. मलापण दोनदा हाच दिला होता!"

सुहासची आजी, बायजाक्का, पृथ्वीवरून आलेली शेवटची म्हातारी, आतून ओरडली, "मग यंत्राला कशाला विचारतेस? अंगाला विचार की!"

"अंगाला कसं विचारतात, आक्का?"

"लाडवाचा पाक कधी उतरवायचा, ते घड्याळाला विचारतेस का?"

आक्कानं साखर-पाणी चढवलं. थेंबभर पाक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घेतला, बोटं उघडली. "हे बघ, अजून पाणीच." थोड्या वेळानं पुन्हा घेतला. या खेपेला दोन बोटांत बारीक तार लांबली. "आली एकतारी! बीज सुटायचं जवळ आलं की अंगावरून अस्संच जातं. आधी कोरडं, मग चिकट दुधाळ, मग काचेसारखं, तार धरणारं. नवऱ्याचं बीज त्यात तीन-चार दिवससुद्धा तग धरतं. आपलं जेमतेम एक दिवस. तार गेली आणि सकाळी उठताना अंग जरासं गरम लागलं, की संपलं. माझ्या वेळी तर तार धरली की कौलावर कावळे येऊन बसायचे."

"आक्का, काहीही!"

"बसायचे गं! आणि पाळीलाही आम्ही कावळा शिवला म्हणायचो. परसदारी बाजूला बसवायचे. राग यायचा, शिवू नको म्हटल्यावर येणारच. पण आम्ही तिघी जावा कधीकधी एकदमच बसायचो. आयतं ताट, सागरगोटे, आणि त्या सासूच्या नकला. हसून पोट दुखायचं, आधीच दुखत असायचं त्यात." आक्का पाक ढवळायची थांबली. "इथे कुणाला कुणाबरोबर बसायलाच नको."

हेमांगी न्हाणीघरात जाऊन आली. "कोरडं आहे. आज नाही, सुहास."

"अगं, शेवटचा जागर आहे! यंत्राचं ऐकायचं की लाडवाचं?"

"माझं ऐक."

डॉक्टर मणेरीकर धावतच आल्या. "हेमांगी, दिवस वाया घालवू नकोस. यंत्र सरासरीवर चालतं."

"कुणाच्या सरासरीवर?"

डॉक्टर घुटमळल्या. "जुन्या... पृथ्वीवरच्या. इथे जागी बाई आहे कुठे?"

दिवस सरत गेले. सुहास जेवून ताट आपटायचा. दवाखान्यानं तर पाळण्यासाठी पुढच्या जोडप्याला कळवूनही टाकलं. हेमांगीला वाटायला लागलं, म्हातारीच्या गप्पांपायी मी माझं मूल घालवलं. आणि एका सकाळी न्हाणीघरातून किंकाळी आली.

"आक्का, तार!"

त्याच क्षणी घुमटाच्या काचेवर, बाहेरून, जिथे श्वास घ्यायला हवा नाही तिथे, एक कावळा येऊन बसला. शप्पत.

रेवा झाली. काळीभोर, रडकी, गोड.

मग डॉक्टर रेकॉर्डर घेऊन आक्काकडे बसायला लागल्या. बायकांच्या डॉक्टर, पण स्वतःच्या दंडात वयात आल्यापासून दाणा. "आणखी काय व्हायचं? सांगा ना." आक्का सांगायची. कधी पोटात एका बाजूला चमक यायची, कधी छाती जड व्हायची, कधी पाळीच्या बाईला दोन गावांपलीकडच्या फोडणीचा वास यायचा.

"आक्का, यातलं खरं कुठलं?"

"पोरी, पडताळायला दुसरी कुणी उरली असती, तर मीच तिला विचारलं असतं."

आक्का गेली. चांदवाडीच्या शाळेत आता तेच शिकवतात, कावळ्यासकट.

रेवा वयात आली तेव्हा डॉक्टर दाणा घेऊन आल्या. म्हणाल्या, "बसवू की नको? तू सांग." रेवा म्हणाली, "नको. मला माझी तार बघायचीय."

संपली गोष्ट.

बरं, असं रोखून नका बघू. एक गोष्ट मी पदरची घातली. कावळा नाही हो, कावळा खराच. रेवाला विचारलं म्हटलं ना, ती.

कुणी विचारलं नाही. दाणा बसवला. आणि तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता, तो हेमांगीनंच.