पैलवानाचा खांदा

कॉलरबोन हे तसं गुणी हाड. मोडलं की हात झोळीत बांधायचा आणि सहा-आठ आठवडे गप्प बसायचं. ते आपलं आपण जुळतं. शंभरातली चार-पाच हटून बसतात. तिथं मी प्लेट आणि स्क्रू बसवतो, फारच हट्टी असेल तर कमरेच्या हाडाचा चुरा काढून भरतो, आणि विषय संपतो. पैलवानाचा विषय मात्र दीड वर्ष झालं तरी संपेना.

पैलवान हे नाव वॉर्डातल्या सिस्टरांनी ठेवलेलं. माणूस काडीपैलवानच, पण धंदा घरसामान हलवण्याचा. जिन्यावर कपाट चढवताना उजवं कॉलरबोन मोडलं. झोळीत जुळलं नाही. पहिली प्लेट चार महिन्यांत सैल झाली. पुन्हा उघडलं, कमरेचं हाड भरलं, जाड प्लेट घातली. ती तर वाकलीच, आणि सरळ खाली वाकली. जंतू नाहीत, रक्तात साखर नाही, बिडीकाडी नाही. मग उरतं एकच कारण.

“पैलवान, काय उचललंत?” मी एक्स-रे त्याच्यापुढे आपटला.

“काही नाही, साहेब. चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं घेतो.”

“मी काय दूधखुळा वाटलो तुम्हाला? स्टीलची प्लेट आहे ती, मेणबत्ती नाही!”

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. ती मध्ये पडली. “डॉक्टर, हे दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात. खुर्ची सोडत नाहीत. पण उठताना आधी गुडघे वाकवतात, ओझ्याखालून उठावं तसे. आणि दारातून जाताना आडवे होतात. आमचं दार काही एवढं अरुंद नाही हो.”

मी कपाळाला हात लावला. “बाई, ऐका. दोन्ही टोकं झिजत चालली आहेत. आता तिसरं ऑपरेशन करू, पण तेही फसलं तर चौथं नाही. हा हात जन्मभर असाच लोंबत राहील.”

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी राऊंडला गेलो, तर तो खिडकीशी उभा होता. बसायला सांगितलं, बसला नाही.

“त्या दिवशी जिन्यावर माझा जोडीदार खालच्या बाजूला होता,” तो आपणहून म्हणाला. “त्याचा पाय सटकला. आमच्यात एक नियम आहे, साहेब. दुसऱ्यानं ‘धरलं, सोड’ म्हटल्याशिवाय खांदा काढायचा नाही. हाड मोडलं तरी मी काढला नाही.”

“मग?”

“लोकांनी कपाट उचललं. तोवर तो गेला होता. ‘सोड’ कुणी म्हटलंच नाही.”

“अहो, पण कपाट उचललं ना लोकांनी? दीड वर्ष झालं त्याला!”

“हो, साहेब,” तो माझी समजूत घातल्यासारखा म्हणाला. “कपाट उचललं.”

असला राग आला मला! एकीकडे मी माझी विद्या पणाला लावतोय आणि हा मला गोष्टी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुरुवात केली. वाकलेली प्लेट काढली, टोकांमधला चिवट गर खरवडून काढला. गुळगुळीत झालेली टोकं रक्त दिसेपर्यंत घासली, आतली पोकळी ड्रिलनं मोकळी केली, कमरेच्या हाडाचा चुरा ठासून भरला. वर दहा भोकांची प्लेट, आठ स्क्रू. एक्स-रेच्या पडद्यावर हाड सरळ रेषेत दिसलं. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

तेवढ्यात करकर ऐकू आली.

प्लेट मधोमध खाली चालली होती. कडेचा स्क्रू सावकाश उलटा फिरत होता. माझे हात वर होते. सिस्टरचेही.

“पेशंट हलला का?”

“कसा हलेल, सर?” भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. “स्नायू सैल केलेत त्याचे. पापणीसुद्धा हलणार नाही.”

मी स्क्रू आवळला. तो परत फिरला. पुन्हा आवळला. शेजारचा फिरू लागला.

टेबलावर त्याचा उजवा खांदा गादीत रुतला होता. डावा नव्हता.

दीड वर्ष! तीन ऑपरेशनं! डोकंच फिरलं माझं. त्या खांद्याखाली हात घातला आणि ओरडलो, “धरलं मी! सोड एकदाचं!”

करकर थांबली. गादी हळूहळू वर आली.

सिस्टरनं कुणाला म्हणालात ते विचारलं नाही. मी नवी प्लेट मागितली, ती बसवली आणि टाके घातले.

बाराव्या आठवड्यात हाड जुळलं. पैलवानानं हात कानापर्यंत वर नेऊन दाखवला, बायको रडली, मीही जरा हळवा झालो. तिला पुढे जाऊ देऊन तो दारात थांबला. माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे बघत होता.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “जिने टाळा.”

जिने मी टाळतोच. पण लिफ्टचाही वैताग आहे. मी आत शिरलो तरी दार मिटत नाही. मेकॅनिकनं दोनदा तपासली, दोष काही नाही म्हणतो. मी सरकत सरकत समोरच्या भिंतीला छाती टेकवतो, पाठीमागे चांगली एका माणसापुरती जागा सोडतो, तेव्हा कुठं ते मिटतं.