दुसरा मणका

डॉक्टर नावाच्या जमातीला लिहिता येत नाही, यावर मणकेमास्तरांची श्रद्धा होती, आणि रोज सकाळी खुर्चीत टेकल्या टेकल्या ती नव्याने पक्की होई.

"हे बघा," ते स्क्रीनवर बोटाने ठोकत म्हणत, "'पाठीला मार.' संपलं! पाठ म्हणजे काय मैदान आहे? मानेखाली बारा मणके, दोन्ही अंगांना मिळून चोवीस बरगड्या. त्यातलं नेमकं काय मोडलं ते कोण सांगणार, पेशंटचा सासरा?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई यावर हूं की चूं करत नसत. त्यांना सगळे शंकाबाई म्हणत, कारण जरा कुठे अडलं की त्या डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवून उत्तराची वाट बघत बसत. मणकेमास्तर हे नाव अर्थातच मास्तरांचं, आणि ते पाठीमागे ठेवलेलं असलं तरी त्यांना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

खोली हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या वर. खालच्या यंत्रांमुळे फरशी कायम कोमट असे आणि धुतलेल्या चादरींचा ओला वास कपड्यांत बसे. काम ऐकायला सोपं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याला अक्षर-आकड्यांचा ठरलेला कोड लावायचा. प्रत्येक हाडाला निराळा कोड, हाड तडकलं, दबलं की फुटलं त्यालाही निराळा. मास्तरांकडे छाती आणि पाठीचा वरचा भाग होता. एकच नियम होता, पण तो लोखंडी: पदरचं काही घालायचं नाही. डॉक्टरने 'असावे' म्हटलं, नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं, तर ते झालं असं धरायचं नाही. विचारायचं, नाहीतर मोघम कोड लावून मोकळं व्हायचं.

मोघम या शब्दाची मास्तरांना किळस होती. आणि विचारायचं कोणाला? ज्याला उजवं-डावं लिहायचा कंटाळा, त्याला? त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायचं? तेव्हा त्यांनी सरळ पदरचं घालायला सुरुवात केली. कोण पडलं, कसं पडलं, वय काय, यावरून ते मनाशी हाड ठरवत आणि ठोकून देत. पेशंटचं नाव ते बघतही नसत. नाव हा काही हाडाचा गुण नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

एका ट्रक ड्रायव्हरच्या कागदावर होतं: 'छातीला मुका मार. बरगडी?' मास्तरांनी त्या प्रश्नचिन्हाकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं. डावी, चौथी, फ्रॅक्चर. बटण दाबलं.

कट्.

"बाई, कामाच्या वेळी बोटं मोडू नका."

"मी कुठे मोडली?" शंकाबाईंचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

दोन-तीन दिवसांनी एक्स-रेवाला वर आला. चांगला गप्पिष्ट माणूस, पण त्या दिवशी दारातच घुटमळला.

"मास्तर, तो ड्रायव्हर. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"काय कळलं?"

"डावी चौथी. पहिला फोटो मी स्वतः काढलाय, एकदम स्वच्छ होता. काल परत आला तर मोडलेली. मधे पडला नाही, आपटला नाही. म्हणतो, पाणी पीत होतो आणि आतून आवाज आला."

"पहिल्या फोटोच्या वेळी तुमचं मशीन झोपलं होतं," मास्तर म्हणाले. "नाहीतर तुम्ही." एक्स-रेवाला हसला नाही. मास्तर मात्र दिवसभर खुशीत होते. डॉक्टरला दिसलं नाही, मशीनला दिसलं नाही, आणि खुर्चीवर बसून ते आपण ओळखलं, म्हणून त्यांना नवीन शिंगं फुटली.

मग स्टुलावरून घसरलेली एक शिक्षिका. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पाठ आखडली.' मास्तरांनी पाचवा मणका दाबून टाकला. कट्. या वेळी त्यांनी नीट ऐकलं. आवाज शेजारून नव्हता. टेबलाखालून, त्यांच्या गुडघ्यांच्या जवळून होता. वाकून पाहिलं तर वायरी आणि कोमट फरशी. शिक्षिका आपल्या पायांनी घरी गेली होती, ती स्ट्रेचरवरून परत आली. पाचवा मणका.

"मास्तर," शंकाबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही आधी लिहिताय. आणि ते मग होतंय."

"बाई, तुम्ही थोडी रजा घ्या."

"मी चेष्टा करत नाही."

"मीही नाही."

बाईंच्या डोक्यातलं खूळ काढायला म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला मुद्दाम भलतंच हाड लावलं. मार डाव्या खांद्याखाली. मास्तरांनी दिली उजवी, नववी. कोणी शहाणा माणूस तिथे बघणारसुद्धा नाही. कट्. आठवडा उलटायच्या आत एक्स-रेवाल्याने खालूनच फोटो पाठवून दिला. वर यायचं त्याने बंद केलं होतं. उजवी, नववी.

एखाद्याची पाचावर धारण बसली असती. मास्तरांनीही त्या फोटोतल्या बरगड्या बोटाने दोनदा मोजल्या. पण या माणसाचा तिरस्कार त्याच्या भीतीहून मोठा होता. "चला," ते म्हणाले, "निदान कोणीतरी नेमकं लिहितंय."

शंकाबाईंनी आपली खुर्ची भिंतीकडे सरकवून घेतली.

त्या दुपारी मास्तरांचं डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळपासून सगळे कागद मोघम. त्यात हा एक: कॉलेजातली मुलगी, जिन्यावरून घसरली, 'मानेखाली दुखतं. वरचा मणका?' वरचा! बारापैकी वरचा कुठला, पहिला, दुसरा, की आपल्या मर्जीने? राहू दे ते प्रश्नचिन्ह आता, मास्तर मनात म्हणाले, घे पुरतं उत्तर. छातीचा, म्हणजे त्या बारांतला, दुसरा मणका. फुटला. नुसता फुटला नाही, तुकडे जागचे हललेले. यापेक्षा वाईट कोड त्या भागात नव्हता. बटण दाबलं आणि ते आवाजाची वाट पाहू लागले. आपण वाट पाहतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि जरा लाजल्यासारखं झालं.

आवाज आला नाही.

फोन आला. बायकोचा.

"अहो, घाबरू नका. आम्ही तुमच्याच हॉस्पिटलात आहोत, खाली. पोरगी कॉलेजच्या जिन्यावरून घसरली. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, दोन दिवसांत जाईल. बसलीये बाकावर, बिस्किटं खातेय."

मास्तरांनी मान वळवून नावाचा रकाना वाचला. मग वडिलांच्या नावाचा वाचला.

"तिला हलू देऊ नकोस," ते म्हणाले.

"अहो, चालत आली ती—"

"हलू देऊ नकोस!"

त्यांची एकुलती एक पोर. साऱ्या जगात त्यांनी जिला कधी मूर्ख म्हटलं नव्हतं अशी एकच व्यक्ती. ती तिथे खाली बसली होती आणि टेबलाखालचा आवाज अजून यायचा होता. कधीही येईल. ती पाण्याचा घोट घेईल आणि येईल.

"बाई," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे."

शंकाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीन वाचून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"डॉक्टरला विचारा. आत्ता. ते मुका मार असं लिहून देतील, त्या जागी ते घाला."

"त्या ढ माणसाची वाट बघत बसू?"

"कोड बदलायचा असतो, मास्तर. नुसता पुसायचा नसतो. जागा रिकामी ठेवायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मुका मार सुद्धा लिहिता आला नाही त्याला! प्रश्नचिन्ह काढत बसला!"

"मी लावते त्यांना फोन. थांबा. एवढं एकदा थांबा."

बाईंनी फोन उचलला. पलीकडे रिंग वाजत होती, वाजतच होती. मास्तरांनी तेवढी वाजू दिली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टरच्या उत्तरावर आपल्या पोरीचा जीव टांगून ठेवणं त्यांना सोसलं नाही. त्यांनी ती ओळ निवडली. दुसरा मणका. पुसली.

काहीच झालं नाही. खाली यंत्रं फिरत होती. टेबलाखाली शांत होतं.

"हॅलो?" बाईंच्या हातातल्या फोनमधून डॉक्टर म्हणाले. "कोण बोलतंय?"

मास्तर तोवर जिन्यात होते.

ती बाकावर होती. त्यांना बघून उठली, दोन पावलं पुढेही आली. धडधाकट. बायको म्हणाली, "बघा, उगाच जीव घाबरा करून घेतलात." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लोकांत ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"दुखतंय का गं?"

"मघाशी दुखत होतं. आत्ताच थांबलं एकदम."

"बघू."

ती पाठमोरी झाली, केस पुढे घेतले. त्यांनी मानेच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथे मानेचं शेवटचं हाड, वर आलेलं, सगळ्यांचं असतं तसं. त्याच्याखाली छातीचा पहिला मणका. जागच्या जागी, घट्ट. त्यांनी बोट खाली सरकवलं.

बोट मऊ जागेत गेलं.

त्यांनी हात काढला. पुन्हा ठेवला. खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापासून वर मोजत आले. सातवा. सहावा. पाचवा. चौथा. तिसरा.

पहिला.

"बाबा, गुदगुल्या होतात," पोरगी म्हणाली आणि हसायला लागली. त्यांचं बोट अजून पेरापर्यंत आत होतं.