टेबलावरचा उपाशी माणूस

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, की यामिनीला मी हा प्रकार आडून विचारला, सरळ विचारला, मध्ये महिना जाऊ देऊन पुन्हा विचारला. एकही तपशील बदलला नाही.

यामिनी माझी मावसबहीण. भूलतज्ज्ञ आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, कासलबारच्याही पलीकडे, एका लहानशा हॉस्पिटलात नोकरी करते. एकटी राहते. तिच्याशी मराठीत बोलणारं तिथे कुणी नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. वेळ दुपारचीच. पण तिकडे चार वाजताच खिडक्या काळ्या होतात.

ऑपरेशनच्या टेबलावर कोलमन नावाचे म्हातारे शेतकरी होते. खुब्याचं हाड मोडलेलं. मधुमेह जुना.

"घरी कोण असतं?" भूल देण्याआधी यामिनीने विचारलं.

"कुत्रा," ते म्हणाले. "तोही माझं ऐकत नाही."

"आज उपाशी राहायचं होतं. सकाळचं इन्सुलिन नाही ना घेतलंत?"

"आय अ‍ॅम ग्रँड, डॉक्टर."

तिकडे 'ग्रँड' म्हणजे बरं, ठीक, चालेल, नको... काहीही. यामिनीने अर्थ लावला, घेतलेलं नाही.

तिने साखर तपासली. आठ पूर्णांक चार. आपल्याकडच्या हिशेबात दीडशे. उत्तम. तिने भूल दिली.

जाग्या माणसाची साखर उतरली, तर तो थरथरतो, बरळतो, घाम फुटला म्हणून सांगतो. भूल दिलेला माणूस काहीच सांगत नाही. म्हणून ठरावीक वेळाने सुई टोचून बघत राहायचं. फार वेळ साखर मिळाली नाही, तर मेंदू कायमचा जातो.

पुढच्या तपासणीला अजून अवकाश होता.

सर्जन डर्मट हाडात ड्रिल चालवत होता. नर्स सिनेड त्याला टोमणे मारत होती, "दोन सँडविच हाणून आलास, माझ्यासाठी एक तुकडा ठेवला नाहीस!"

आणि मग ड्रिलचा आवाज थांबला...

रेडिओ थांबला...

मॉनिटरवर रेघ उड्या मारत होती. पण तिचं टिकटिकणं ऐकू येत नव्हतं.

यामिनीच्या मागून, अगदी कानाशी, कुणीतरी विचारलं...

"जेवलास का रे?"

ती वळली.

मागे मशीन. मशीनमागे भिंत. माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती.

आवाज वासंतीमावशीचा होता. यामिनीच्या आईचा.

मावशी वैशाखातच गेली.

मावशी फोनवर 'हॅलो' कधी म्हणालीच नाही. "जेवलीस का गं?" हाच पहिला प्रश्न. यामिनी वैतागायची, "आई, इथे सकाळचे सात वाजलेत!"

"रेडिओ कुणी बंद केला?" यामिनीने विचारलं.

सिनेडने तिच्याकडे पाहिलं. "चालूच आहे की."

खरंच, चालू होता.

भास, असं तिने स्वतःला समजावलं. सकाळपासून आपल्याच पोटात काही नाही, म्हणून आई आठवली असेल.

पण एक गोष्ट त्यात बसेना...

आई 'गं' म्हणाली नव्हती. 'रे' म्हणाली होती.

खोलीत पुरुष दोनच. डर्मट खाऊन आलेला.

उपाशी एकच होता.

यामिनीने चादरीखालून कोलमन यांचा हात ओढला. गार. घामाने निथळत होता. तिने सुई टोचली.

दोन पूर्णांक एक.

म्हणजे अडतीस.

"ग्लुकोज! आत्ता!"

ग्लुकोज शिरेत गेलं. आकडा हळूहळू वर चढला.

"वेळ झाली नव्हती," डर्मट म्हणाला. "तुला कळलं कसं?"

"सहज बघितलं."

शुद्धीवर येताच कोलमन यांनी टोस्ट मागितला. इन्सुलिनचं विचारलं तर हसले. "ग्रँड म्हणालो ना! म्हणजे घेतलं. रोजच्यासारखं, माझं मी."

संध्याकाळी सगळे गेल्यावर यामिनी परत आत आली. मशीनपाशी, त्याच जागी उभी राहिली. तिच्या पोटात अजून सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

बराच वेळ थांबली...

कुणीही काही विचारलं नाही.

"ज्याला आईने जन्मात पाहिलं नाही, त्याला विचारलं, ताई," ती मला म्हणाली. "इतक्या लांब आली, आणि मला नाही विचारलं."

हे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितेय ते परवाच्या व्हिडिओ कॉलमुळे.

यामिनीचे गाल आत गेलेत. डोळे खोल. मागचं स्वयंपाकघर लख्ख. शेगडीवर एक भांडं नाही.

बोलता बोलता, सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का गं?"



ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान किंचित मागे वळवून काहीतरी ऐकत होती.

"तू नको ना विचारूस, ताई," ती हळूच म्हणाली. "मी थांबलेय."