नववी ओळ

सांग सांग म्हणून तीन दिवस डोकं खाल्लंत. सांगतो. पण मधे कुणी खिदळलं तर उठून जाईन, आणि जाताना दिवा विझवून जाईन. भुतांवर विश्वास आहे का, असलंही विचारायचं नाही. माझा माणसांवरच नाही.

हे घडलं माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत रात्रीचा पहारेकरी, तो तिथंच दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरवाला. मी चौथीत शाळा सोडली म्हणून तो शिकला. असो.

नोव्हेंबरातला दुसरा सोमवार संपून मंगळवार लागला होता. रात्रीचे पावणेदोन. वरून फोन आला. "दादा, कागद संपलाय. तळघरातनं एक गठ्ठा आण ना." नेला. त्या छापायच्या यंत्रात कागद तिरका जायचा, म्हणून म्हणाला, "बस इथंच, नीट धरून सोड." बसलो.

आता नीट ऐका. शहराला पाणी देणारी आठ पंपघरं. भावाच्या प्रोग्राममध्ये आठ कामकरी, म्हणजे माणसं नव्हेत, प्रोग्रामचेच तुकडे, सगळे एकाच वेळी धावणारे. एकेकानं एकेका पंपघराचा दाब बघायचा आणि छापायचा. पण कागद एकच. सगळे एकदम छापायला लागले की तिसऱ्याचा आकडा पाचव्याच्या ओळीत घुसायचा. एकदा त्यापायी भलताच पंप बंद केला आणि अर्धं शहर दिवसभर कोरडं राहिलं.

यावर तोड काढली जिराफनं. जिराफ म्हणजे भावाच्या शेजारच्या टेबलावरचा उंच गडी, मान कायम वाकलेली. त्यानं प्रोग्रामला कुलूप घातलं. किल्ली एकच. ज्याच्या हातात किल्ली, त्यानंच छापायचं. ओळ पुरी झाली की किल्ली पुढच्याला. तोवर बाकीच्यांनी गुमान थांबायचं.

साहेबानं जिराफच्या पाठीवर थाप मारली आणि इकडे माझ्या भावाचं जेवण गेलं.

"दादा, आठही कामकरी मी उभे केले. दोन वर्षं घासली. त्यानं काय केलं? चार ओळींचं कुलूप! आणि विभागप्रमुखाची खुर्ची त्याला?"

महिनाभर हेच. जिराफनं नवे बूट घेतले, याच्या डोळ्यात खुपले. जिराफ हसला, याची दाढ दुखली.

मग जिराफ गेला. ताप आला, चौथ्या दिवशी संपला. आमच्या शहाण्यानं काय करावं? प्रोग्रामच्या वर कुलपापायी जिराफचं नाव होतं, ते खोडून आपलं घातलं. कुलूपही काढलं, हुबेहूब तसंच स्वतःचं बसवलं. मंगळवारी सकाळी दहाला साहेबाला दाखवायचं आणि खुर्ची पटकवायची.

तर त्यानं बटण दाबलं. यंत्र करकरलं. आठ ओळी आल्या, एकदम स्वच्छ. मग कागद आणखी एक ओळ वर सरकला. कोरा.

"दादा, ओढू नकोस."

"मी कशाला ओढू?"

पुन्हा आठ ओळी. पुन्हा एक कोरी.

"ओढतोयस तू!"

पोलिसानं पकडल्यासारखे मी दोन्ही हात वर केले. आठ ओळी… एक कोरी.

त्यानं पडद्यावर तपासलं. कामकरी आठच. चार बंद केले. चार ओळी, एक कोरी. एकच ठेवला. एक ओळ. एक कोरी. कुणीतरी मधे किल्ली घेत होतं. काही न लिहिता आपली पाळी भरत होतं, आणि किल्ली परत देत होतं.

"त्याचं नाव परत घाल," मी म्हणालो.

तो उसळला. "मेल्यावरही त्याचंच? तूही त्याच्याच बाजूचा! माझं बरं झालेलं तुला पहिल्यापासून बघवत नाही. मी खुर्चीत बसणार आणि तू फाटकावर, म्हणून!"

अगदीच खोटं नव्हतं. कुढलोय मी कधीकधी. पण त्या रात्री नाही. त्या रात्री मी फक्त कागद धरला होता.

त्यानं शेवटचा कामकरीही बंद केला. पडदा रिकामा.

थांबलो.

कागद एक ओळ सरकला.

त्यानं यंत्राची वायर भिंतीतून उपटली. यंत्रावरचा हिरवा दिवा गेला.

थांबलो…

छापायचं डोकं हललं. डावीकडून उजवीकडे. सावकाश. शाई नाही. नुसता आवाज. टिक… टिक… भावाचा हात टेबलावर होता. यंत्राच्या उजवीकडे.

"दादा…"

टिक.

त्यानं हात मागे घेतला.

मग खुर्ची ओढून बसला तो चारपर्यंत टायपत राहिला. जिराफचं कुलूप परत बसवलं. जिराफचं नाव परत घातलं. वायर लावली. आठ ओळी. लगेच पुढच्या आठ. मधे काही नाही.

सकाळी साहेबानं वरचं नाव वाचलं, "गुणी पोरगा होता," म्हणाला, आणि खुर्ची दुसऱ्या कचेरीतल्या एका बाईंना दिली. भाऊ तडक फाटकावर आला. चार माणसांसमोर म्हणाला, "कागद तूच ओढलास. मला भिववलंस. जळतोस तू माझ्यावर." तेव्हापासून बोलत नाही.

वायर उपटल्यावरच्या त्या ओळीला भोकं पडलीत. सुईच्या टोकाएवढी, सरळ रेषेत, कागदाच्या काठापर्यंत. डोकं तिथंच अडतं, पुढे यंत्रच नाही. पण टेबलाच्या लाकडात ती रेघ पुढे गेलीय. चार बोटं. भावाचा हात होता तिथपर्यंत.

तो म्हणतो, मी मागाहून खिळ्यानं ठोकली. मी! जा, बोट फिरवून बघा. अजून आहे. आणि वर गेलातच, तर माझी माफी कुणी मागायची राहिलीय तेही त्याच्या तोंडावर सांगा. माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं.