पाचवं माप

दुपारी जेवताना डॉक्टरांचा घास छातीत अडकला. पुढे पाणीही कष्टाने उतरू लागलं. दोन आठवडे अंगावर काढून शेवटी ते आपल्या डॉक्टर मित्राच्या टेबलावर गुमान जाऊन झोपले. मित्राने दुर्बीण घातली आणि चक्रावला.

"लहानपणी तुझं ऑपरेशन झालं होतं? इथे जोड आहे... टाक्यांचा व्रण."

डॉक्टरांच्या अंगावर जन्मात टाका पडला नव्हता. जोड मात्र त्यांच्या ओळखीचा होता.

जन्मतः अन्ननलिका तुटक असलेल्या बाळांची नळी जोडण्यात त्यांचा हातखंडा होता. पुढे तो जोड आकसतो, मग रबरी डायलेटर घालून हळूहळू रुंद करावा लागतो. एका वेळी चढत्या जाडीची तीन मापं, चौथं नाही. तीन वर्षांच्या एका मुलीच्या वेळी मात्र त्यांना घाई होती. महिन्याने पुन्हा कोण हे करत बसणार, म्हणून त्यांनी पाचवं माप सरकवलं. नळी फाटली. दोन दिवसांत पोर गेली आणि डॉक्टरांनी खापर आईवर फोडलं, की तुम्हीच काहीतरी कडक भरवलं असणार. त्या भाबडीला ते खरं वाटलं. घरच्यांनी तिला धड जगू दिलं नाही. तिने अन्न सोडलं आणि लेकीमागोमाग गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर दोन्ही वेळा पोटभर जेवत होता.

आता त्यांचाच जोड रुंद करायचा होता. गुंगीच्या इंजेक्शनआधी त्यांनी मित्राला बजावलं, तीनच मापं. मला शिकवतोस का, म्हणून मित्र हसला.

जाग आली तेव्हा छातीत आग पेटली होती. मित्र घामाघूम होऊन उशाशी उभा होता.

"किती...?"

"पाच," मित्र पुटपुटला. "मी थांबत होतो रे. पण ती नवी सिस्टर पुढचं माप हातात देत गेली... आणि हात थांबेनाच."

दाराशी उभी असलेली जुनी सिस्टर गोंधळली. आत आपल्याशिवाय दुसरी सिस्टर नव्हतीच, असं ती म्हणाली.

डॉक्टरांना सगळं उमगलं. निदान बायकोला तरी खरं सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, रक्ताचा फेस आला. बाहेर बाकावर बायको कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होती. सिस्टरने डोकावून पाहिलं.

"वहिनी एकट्याच बसल्यात..."

"नाही हो, मी नुसतं दूध दिलं होतं," बायको म्हणत होती. मग बराच वेळ ती ऐकत राहिली.

"असेल... माझंच चुकलं असेल."