काळोखाची खोली

आकाशात आरसे चढवले त्याला चौथं वर्ष लागलं होतं, आणि माळावर रात्र हा शब्द फक्त घड्याळापुरता उरला होता. सूर्य मावळला की आरसे त्याचं ऊन खाली धाडत. पिकं जोमात वाढत, माणसं जडावलेल्या डोळ्यांनी हिंडत. मेंढ्या राखणाऱ्या ठकूबाई कोळेकरचा तर कालचा शीणच उतरायचा राहिलेला असे.

खरे हाल झाले ते कोकरांचे. पोटातल्या जिवाचं घड्याळ आईच लावून देते. अंधार पडला की तिच्या मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवतं, ते वारेतून, नाळेवाटे पिल्लापर्यंत पोचतं आणि त्याला कळतं, बाहेर रात्र झाली. हा निरोप न मिळालेली कोकरं धडधाकट जन्मत, पण आई पान्हावली की ती झोपलेली आणि ती भुकेजली की आई चरायला गेलेली. निम्मी मरत.

म्हणून डॉ. अन्वया टिळेकरांनी मेंढ्यांच्या वाडग्याशेजारी काळोखाची खोली बांधली. बारा गाभण मेंढ्या रोज संध्याकाळपासून दहा तास आत. राखण ठकूबाईची.

आज रात्री आठला, भर उन्हात, डॉक्टर मेंढ्यांच्या रक्ताचे अहवाल घेऊन आल्या.

"मावशी, रोज सातच्या सुमाराला मेलाटोनिन एकदम घसरतंय. आत कुणी उजेड नेतं का?"

ठकूबाई पदराशी चाळा करत राहिली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आता लपवून काय उपयोग.

"सून झोपती आत. सातवा लागलाय तिला. म्हनलं, मेंढरांच्या पिल्लांस्नी रात मिळती, माझ्या नातवाला बी मिळू दे."

"पण उजेड?"

"तिन्हीसांजेला दिवा नगं व्हय लावाया? पोटुशी बाई बिनदिव्याची कशी ठेवायची?"

डॉक्टर तिथंच दगडावर बसल्या. रागवायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. "त्या तासाभराच्या दिव्यानं रात्र मोडते, मावशी. मेंढ्यांची, आणि सुनेचीही."

ठकूबाईला उमगलं. मायेनं लावलेला दिवाच नातवाला आडवा आला होता. "आता न्हाई लावत. दोन म्हैनं हायती अजून. तेवढ्यात लागंल घड्याळ?"

"लागेल." डॉक्टर म्हणाल्या. "पण एक ऐका. पलीकडच्या गावातल्या अशाच खोलीत दोन वर्षांपूर्वी पहिली कोकरं झाली. त्यांची घड्याळं अगदी बरोबर लागली, सगळी जगली. आता ती रोज संध्याकाळी खोलीच्या दाराशी उभी राहून ओरडतात. खोली गाभण मेंढ्यांना लागते आणि बाहेर कुठं रात्रच नाही. घड्याळ नसलेल्यांना निदान काही चुकल्यासारखं तरी वाटत नाही."

"म्हंजी माझा नातू बी..."

"जन्मभर रात्र मागेल. आपणही मागतो, पण आपण ती पाहिलीय. स्वतःला काय हवंय, हे त्याला कळायचंसुद्धा नाही."

ठकूबाई दाराशी गेली. आतून सुनेचं घोरणं येत होतं. चार वर्षांत इतकं गाढ झोपलेलं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. उठवावं म्हणून तिनं दोनदा हात उचलला, दोनदा खाली घेतला. मग ती दाराला पाठ लावून बसली.

"रडंल तर रडू दे," ती म्हणाली. "कशापायी रडतोस ते मी सांगीन त्याला."

"आणि तुमच्यामागं?"

ठकूबाईनं दाराच्या फटीत पदर खोचला. वर दुसरा आरसा वळला आणि माळावरचं ऊन आणखी कडक झालं.